नांगराच्या मागोमाग

दिवाळीच्या फराळात एखादा नवा पदार्थ घालायचा म्हटला, तर घरात केवढा खल होतो, हे वाचकभगिनींना मी सांगायला नको. लाडू, करंज्या, चकल्या, शेव, चिवडा ही सारी पिढ्यान्‌पिढ्यांची मानकरी मंडळी. त्यांच्या पंक्तीला नवख्याला बसवायचे, तर तो त्याच कढईत तळता येईल का, त्याच डब्यात टिकेल का, आणि मुख्य म्हणजे घरची माणसे त्याला हात लावतील का, असे नाना प्रश्न निघतात. एवढे होऊनही तो नवा पदार्थ तुळशीच्या लग्नापर्यंत डब्याच्या तळाशी तसाच पडून असल्याचे दिसते, तेव्हा त्याचा विषय कोणी काढीत नाही.

कारखानदाराची स्थितीही काही वेगळी नसते. फरक एवढाच, की आपल्या हातून फार तर शेरभर तूप वाया जाते. त्याच्या हातून घरदार जाते. हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो सांगलीच्या आमच्या साडूंमुळे. साडूंची हळद दळण्याची गिरणी आहे. सांगलीची हळद म्हणजे काय चीज, हे सांगण्याची गरज नाही. हरिपूरची पेवे आणि सांगलीचा हळदीचा बाजार पूर्वीपासून नावाजलेला. 2018 साली तर सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. साडूंची पिवळी पुडी त्या भागातल्या किराणा दुकानांतून गेली तीस वर्षे बऱ्यापैकी खपते. आता त्यांचे चिरंजीव पुण्याहून व्यवस्थापनाची पदवी घेऊन परतले आणि त्यांनी जाहीर केले, की एका हळदीवर राहण्याचे दिवस गेले. हळदीच्या नावाने शांपू काढायचा! त्यासाठी गोदाम गहाण टाकून कर्ज उभारायचे.

साडूंचा फोन आला. "तुम्ही आयुष्यभर कंपनीच्या विक्रीखात्यात काढलीत. एकदा येऊन पोराशी बोला. आमचे दोघांचे बोलणे आता भांडणावाचून संपत नाही."

मार्गशीर्षातली छान थंडी होती. मी सकाळीच पुण्याहून मिरजेकडे जाणारी गाडी पकडली. मनात एक बेत होता. सांगलीच्या अलीकडे किर्लोस्करवाडी स्टेशन लागते. कितीदा त्यावरून गेलो, पण उतरलो कधीच नव्हतो. जुन्या मालाला नवा माल कसा जोडावा, हे ज्यांनी करून दाखवले, त्यांचे गाव वाटेतच असताना उपदेश करायला रिकाम्या हाताने का जावे?

सातारा गेले, कोरेगाव गेले, आणि कराड आले. कराडचे स्टेशन गावापासून लांब, ओगलेवाडीला आहे. माझ्या पिढीतल्या कित्येकांनी ज्याच्या उजेडात पाढे पाठ केले, तो प्रभाकर कंदील इथला. ओगले बंधूंनी इथे काचेचा कारखाना काढला, तोही औंधच्या पंतप्रतिनिधींच्या पाठबळावर. काचेला जोडून कंदील आला. हिशेब किती सरळ! काच आपली, मग भोवतीची पत्र्याची चौकट दुसऱ्याची कशाला? महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांत हा कंदील पोचला. पुढे तारांवरून वीजही पोचली. कारखाना बंद पडून आता पुष्कळ वर्षे झाली. गाडी दोन मिनिटे थांबली, तेवढ्या वेळात मी खिडकीतून उगाचच इकडेतिकडे पाहून घेतले. नवा माल अगदी शहाणपणाने जोडला, तरी काळ आपला हिशेब निराळा मांडतो, ही गोष्ट पुढचा उपदेश करताना विसरता कामा नये, असे मी मनाशी म्हटले.

शेणोली, ताकारी करीत गाडी किर्लोस्करवाडीला आली. उतरणारे आम्ही मोजके. फलाटावरच्या वडाच्या पानांतून ऊन गळत होते. या स्टेशनाचे जुने नाव कुंडल रोड. कुंडल गाव इथून जवळच आहे. तेच कुंडल, जिथल्या मंडळींनी 1942 नंतरच्या दिवसांत नाना पाटलांच्या प्रतिसरकारात इंग्रजांना सळो की पळो करून सोडले. आज आजूबाजूला नजर टाकावी तिकडे ऊस, आणि पलूस-तासगावकडे द्राक्षांचे मांडव. पाटातून पाणी वाहत होते, आणि कुठून तरी पंपाची एकसुरी घरघर ऐकू येत होती. 1910 साली इथे काय होते? निवडुंग, साप आणि फुफाटा.

त्याआधीची हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे. लक्ष्मणराव किर्लोस्कर 1869 साली जन्मले. चित्रकार व्हायचे म्हणून मुंबईला जे. जे. मध्ये दाखल झाले. पण त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळले. चित्रकाराला याहून मोठा शाप कोणता? त्यांनी कुंचला ठेवला आणि यंत्रांची रेखाचित्रे काढायला घेतली. त्यात रंगांचे काय काम? पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये ते तीच विद्या शिकवू लागले. मुंबईत सायकल दिसली, आणि बेळगावात बंधू रामुअण्णांच्या बरोबर सायकलींचे दुकान निघाले. त्या वेळी सायकलची किंमत सातशे ते हजार रुपये, आणि शिकवण्याची फी पंधरा रुपये! पुढे नोकरीत बढतीच्या वेळी डावलले गेले, तेव्हा 1897च्या सुमारास लक्ष्मणरावांनी राजीनामा देऊन कायमचे बेळगाव गाठले.

सायकल हा दुसऱ्याने केलेला माल. स्वतःचा म्हणून जो पहिला माल त्यांनी बाजारात आणला, तो कडबा कापण्याचे यंत्र. जनावरापुढे अखंड कडबा टाकला, की ते पाने खाते आणि बुडखे तुडवते. तेच तुकडे करून घातले, तर सगळा पोटात जातो. शेतकऱ्याला हे पटकन कळले, कारण वाचलेला कडबा त्याला गोठ्यात डोळ्यांनी दिसत होता.

मग 1903 साली लोखंडी नांगर आला, आणि गाडे अडले. लाकडी नांगर जमीन ओरखडतो. लोखंडी नांगर ती उलथून टाकतो, हरळीची मुळे वर काढतो. पण लोखंडाने जमीन विषारी होते, अशी लोकांची समजूत! पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे त्या घराण्याच्या इतिहासात सांगतात. दोन वर्षे! आजच्या कोणत्या कंपनीचा विक्रीखात्याचा साहेब दोन वर्षे दम धरील?

त्यातच बेळगावच्या नगरपालिकेने वस्ती वाढवण्यासाठी कारखान्याची जागा घेतली. बिऱ्हाड हलवण्याची वेळ आली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे झाले. हे राजे स्वतः चित्रे काढीत. रंग हुकलेला एक चित्रकार आणि राज्य सांभाळणारा दुसरा चित्रकार, यांचे सूत जमले यात नवल नाही. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ बत्तीस एकर माळ आणि कर्जाऊ रक्कम देऊ केली. 1910च्या मार्चात वाडी वसली. रामुअण्णांनी वसाहत सांभाळली, शंभूराव जांभेकरांनी यंत्रे, मंगेशराव रेग्यांनी हिशेब. आणि राखणीला कोण? तुकाराम रामोशीसारखे शिक्षा भोगून आलेले गडी! वाडीत शिवाशिवीला थारा नव्हता. त्या काळी ही गोष्ट नांगर खपवण्याहून सोपी नव्हती.

हे सारे मनात घोळवीत मी वाडीच्या रस्त्याने चाललो होतो. जुनी झाडे, सरळ आखलेले रस्ते, कारखान्याची लांबच लांब भिंत. आत पंप तयार होतात. शंभराहून अधिक वर्षे झाली, भट्टी इथून हललेली नाही. आत जाण्याचा परवाना माझ्यापाशी नव्हता, आणि मला यंत्रे पाहायचीही नव्हती. एका चहाच्या टपरीवर बसलो. बाकावर एक म्हातारे गृहस्थ होते. टोपी पांढरी स्वच्छ, हाताची बोटे मात्र जाड आणि काळवंडलेली.

"पाव्हणं कुठलं म्हणायचं?" त्यांनी विचारले.

"पुण्याचा. सांगलीला चाललोय. मध्ये वाडी पाहावी म्हटलं."

"वाडीत बघायला काय हाय? घामच हाय," असे म्हणून ते हसले. सबंध आयुष्य त्यांनी ओतकामात काढले होते. साचे भरण्याचे काम. मी त्यांना सरळच विचारले, की नांगर ओतणाऱ्या माणसाला पंप ओतायला किती शिकावे लागत असेल?

त्यांनी कपातला चहा बशीत ओतला. "वाळू तीच. भट्टी तीच. लोखंड पातळ झालं की त्याला काय म्हाईत, नांगर व्हायचं का पंप? साचा येगळा. पंप आतनं पोकळ. त्या पोकळीसाठी वाळूचा गाभा करून साच्यात बसवाय लागतो. गाभा हलला, की एका अंगाला भिंत जाड, एका अंगाला पातळ. मग फेकून द्या! नांगराला ती भानगड न्हाई." थोडे थांबून ते म्हणाले, "म्हंजी बगा, नव्वद पैसं हातात आदीचंच हाय. धा पैसं शिकायचं. पर ते धा पैसंच रडवत्यात."

विक्रीच्या शास्त्रावर मी कितीतरी जाडजूड ग्रंथ चाळले आहेत. पण इतका नेमका हिशेब क्वचितच वाचला असेल.

गाडीला तास-दीड तास अवकाश होता. मी शेताच्या कडेने एका बांधावर जाऊन बसलो आणि किर्लोस्करांच्या मालाची यादी कागदावर मांडली. कडबा कापण्याचे यंत्र, नांगर, उसाचे चरक, शेंगा फोडण्याचे यंत्र, हातपंप. 1926च्या सुमारास विजेवर किंवा इंजिनावर फिरणारा पंप. 1941 साली हरिहरला लेथ. 1946 साली पुण्याला तेलावरची इंजिने, आणि त्याच वर्षी बंगळुरूला विजेच्या मोटारी. वरवर पाहिले तर नुसता बाजार भरलेला! पण जरा निरखून पाहावे, तर प्रत्येक वस्तूने मागच्या वस्तूचे बोट धरलेले दिसते. चांगला लोखंडी नांगर एकदा घेतला, की गिऱ्हाईक वर्षानुवर्षे फिरकत नाही. माल चांगला करणे हाच अशा कारखान्याचा शाप! तेव्हा त्याच शेतकऱ्याला आणखी काय लागते, ते पाहणे भाग. खोल नांगरलेल्या जमिनीत ऊस आला, की चरक हवा. उसाला पाणी हवे, म्हणून पंप. पंप फिरवायला इंजिन हवे नाहीतर मोटार. आणि हे सगळे कातायला लेथ हवा. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले, अशीही हकीकत सांगतात. तोफेचा नांगर! मागच्या वस्तूचे बोट धरण्याचा याहून मोठा दाखला कुठे मिळावा?

संध्याकाळी सांगलीला पोचलो. मेहुणीने गरम पिठले-भाकरी वाढली, आणि ताटावरच परिषद सुरू झाली. मी बांधावरची यादी मोठ्या ऐटीत वाचून दाखवली. एकच गिऱ्हाईक, एकच भट्टी. दोन्हींपैकी एक तरी जुने असावे. शांपूला गिरणी चालत नाही. त्याचा परवाना निराळा, त्याचे दुकान निराळे, त्याचे गिऱ्हाईक निराळे. म्हाताऱ्याच्या हिशेबाने इथे हातात दहा पैसे आणि शिकायचे नव्वद.

भाचा शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "काका, एक विचारू? लोखंडाच्या त्याच कारखान्याने 1920 साली 'किर्लोस्कर खबर' काढली. पुढे 1930 साली 'स्त्री', 1934 साली 'मनोहर'. मासिक कुठल्या भट्टीत ओततात? आणि दुसरं. नांगर दोन वर्षं खपला नाही. त्या वेळी तुमच्यासारखं कुणी काका येऊन बसलं असतं, तर नांगर निघाला असता का?"

साडूंनी माझ्याकडे पाहिले. मेहुणीने माझ्या ताटात भाकरी वाढली. तेवढाच मला अवधी मिळाला. पोराचे म्हणणे काही खोटे नव्हते. शंकरराव किर्लोस्करांनी वाडीसारख्या आडगावातून ही मासिके काढली, आणि मुंबई-पुण्याच्या घराघरांत ती वाचली गेली. ज्यांनी जन्मात नांगराला हात लावला नाही, अशा बायकांनी 'स्त्री'चे अंक जपून ठेवले.

"खबर निघाली ती कारखान्याचे घरचे पत्रक म्हणून," मी म्हणालो. "मासिक व्हायला तिला वर्षे लागली. एका दिवसात कोणी लोखंड टाकून शाई घेतली नाही. आणि नांगराचे म्हणशील, तर तुझे म्हणणे मला मान्य आहे. नवा माल लोकांना आधी चमत्कारिकच वाटतो. प्रश्न एवढाच, की दोन वर्षे कळ कशावर काढायची? माझ्या समजुतीप्रमाणे लक्ष्मणरावांचे नांगर पडून होते, तेव्हा पाठीशी जुना धंदा उभा होता. तुझे गोदाम गहाण पडले, तर शांपू खपेपर्यंत व्याज थांबेल का? ते तर पहिल्या महिन्यापासून दारात उभे! तुझी कल्पना वेडी आहे, असे मी म्हणत नाही. तिला वेळ लागेल. आणि तो वेळच तू गहाण टाकायला निघाला आहेस."

भाचा प्रथमच गप्प झाला. साडूही गप्प झाले. ही जीत काही माझ्या मनासारखी नव्हती, कारण नकाराने धंदा वाढत नाही. एका हळदीवर राहण्याचे दिवस गेले, हे पोराचे म्हणणे तर खरेच होते. मोठमोठ्या कंपन्यांच्या पुड्या आता त्याच दुकानांत शेजारी टांगलेल्या असतात.

अशा वेळी मेहुणी ताक वाढता वाढता म्हणाली, "मला एक सांगा. चैत्र-वैशाखात आपली अर्ध्या किलोची पुडी का संपते? एरवी तर सगळ्या बायका शंभर ग्रॅमच नेतात."

"उन्हाळ्यात खप वाढतोच," साडू म्हणाले.

"वाढतोच म्हणजे काय? लोणचं घालतात म्हणून वाढतो! हळद तुमच्याकडनं घ्यायची, मोहरीची डाळ दुसरीकडनं, मेथी, हिंग, तिखट तिसरीकडनं. गेल्या वर्षी शेजारच्या सूनबाई म्हणाल्या, काकू, तुमच्याच हळदीचा तयार मसाला मिळाला असता, तर बरं झालं असतं. मी तुम्हाला सांगितलंही होतं."

तीस वर्षांच्या वहीत जे विक्रीचे आकडे पडून होते, त्यांचा अर्थ असा ताकाच्या भांड्याबरोबर बाहेर आला. गिऱ्हाईक तेच, दुकान तेच, हळद तर घरचीच. नव्वद पैसे हातात! राहिलेले दहा पैसे कोणते, याची चर्चा रात्री बारापर्यंत चालली. हळदीची चक्की पिवळी झालेली, तेव्हा तिखटासाठी दुसरी लागणार. मोहरी फार बारीक दळली, की मसाला कडवट होतो. ती भरडच हवी. हिंगाचा वास बाकीच्या मालाला लागू द्यायचा नाही. भाच्याने वही काढली आणि पुडीचा आकारही काढून दाखवला. शांपूचे पान त्याने फाडले नाही. ते फाडावे, असे मीही म्हटले नाही.

शिलकीतून जमेल तेवढाच, शंभर किलो मसाला यंदाच्या वैशाखात बाजारात गेला. गोदाम गहाण पडले नाही. आता वाचकांना वाटेल, की तो हातोहात खपला. तसे झाले नाही. साठ किलो खपला, चाळीस परत आला. तेव्हा भाचा स्वतः मोटारसायकलवरून दुकानोदुकानी हिंडला. पुडी पाच किलो कैऱ्यांच्या मापाची होती, आणि आजच्या घरांत लोणचे घालतात ते किलो-दोन किलो कैऱ्यांचे. उरलेला मसाला ठेवायचा कुठे, म्हणून बायका पुडी उचलून परत ठेवीत होत्या! हे त्याला एका म्हाताऱ्या दुकानदाराने सांगितले. परत आलेल्या मालाच्या त्याने लहान पुड्या केल्या, आणि पहिल्या पावसाच्या आत त्यातल्या निम्म्या गेल्या.

परवा त्याचा फोन आला होता. पुढच्या उन्हाळ्यासाठी दुसऱ्या चक्कीचा भाव काढला आहे म्हणे. आवाजात उत्साह होता. मग जरा खाली आवाजात म्हणाला, "काका, त्या वाडीच्या आजोबांना भेटायचंय. ते दहा पैशांचं त्यांना विचारायचंय."

मी म्हटले, "जरूर जा. सकाळच्या वेळी टपरीवर असतात. आणि जाताना मसाल्याची एक पुडी घेऊन जा."